वरून मखमल, आतून घोंगडी

अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. आधी उजवा, मग तीन आठवड्यांनी डावा, आणि तोवर मुक्काम लेकीकडे, कारण दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. लेकीच्या घरात सगळ्यांना जागा होती, फक्त कुत्र्याला नव्हती. म्हणून एका सकाळी अक्का काठी टेकत धाकट्या भावाच्या, म्हणजे आप्पांच्या, दारात येऊन उभी राहिली आणि पट्ट्याचं टोक तिने त्यांच्या हातात दिलं. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मखमल होती.

मखमल जातीने पूडल. गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच, अंगभर दाट कुरळे केस, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणीतरी शब्द टाकला म्हणून आलो, एरवी अशा ठिकाणी आपण येत नाही. ती आत आली, तिने बैठकीची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, आप्पांना पाहिलं, आणि एक सुस्कारा सोडून सोफ्यावरची आप्पांची जागा घेतली.

पट्ट्याबरोबर एक कापडी पिशवीही आली. तिच्यात बारीक वाकड्या तारांचा ब्रश, एक स्टीलचा कंगवा, नखं कापायची कात्री आणि एक शंभर पानी वही. गेली दोन वर्षं अक्काला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसत, अक्षर तर दिसतच नसे. त्यामुळे वही तिने शेजारणीला सांगून लिहून घेतली होती.

"हिचं सगळं केसांत आहे बरं का," अक्का म्हणाली. "सहा आठवड्यांनी पार्लरची तारीख आहे. तोवर रोज विंचरायचं, एक दिवस चुकवायचा नाही. केस गुंतले की आतली कातडी ओढली जाते, आणि हिला काही बोलून दाखवता येत नाही. आणि मला दिसत नाही म्हणून काहीही खपून जाईल असं समजू नकोस. माझ्या बोटांना सगळं कळतं."

आप्पा नोंदणी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. तीस वर्षांत त्यांच्या खोलीतून एक कागद गहाळ झाला नव्हता, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाच्या आत कुणालाही सांगत. "अक्का," ते छाती काढून म्हणाले, "ज्याने चौदा हजार फायली सांभाळल्या, त्याला एक कुत्री जड आहे का?"

अक्का काहीच बोलली नाही. लहानपणापासून अक्का आप्पांच्या बाबतीत गप्प राहिली की समजावं, तिला जे म्हणायचंय ते चार लोकांत म्हणण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आप्पांनी बाल्कनीत जुनं इस्त्रीचं टेबल मांडलं, त्यावर मखमलीला उभं केलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि कामाला सुरुवात केली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'रोज ब्रश करणे.' कचेरीत फाइल वाचायची आप्पांची पद्धत अशी, की पहिल्या पानावरचा विषय बघायचा, शेवटच्या पानावरची सही बघायची आणि मधलं सगळं बरोबर असणार असं धरून चालायचं. वहीच्या बाबतीतही त्यांनी हीच पद्धत ठेवली. शेवटच्या पानावर पार्लरचा फोन नंबर होता. विषय कळला, शेवट कळला. मधली अठ्ठ्याण्णव पानं राहिली.

पाठीवरून ब्रश फिरला की केस असे फुलत की आप्पा हात थांबवून बघत राहत. एवढ्याशा प्राण्याच्या अंगावर एवढे केस मावतात तरी कसे? समोरच्या इमारतीतले लोक चहाचे कप घेऊन बाल्कनीत येत. शाळेत निघालेली मुलं खालून "मखमल! मखमल!" अशा हाका मारत. तीस वर्षांत आप्पांचं काम बघायला कुणी थांबलं नव्हतं, त्यामुळे सात मिनिटांचं काम ते वीस मिनिटं करू लागले आणि मधूनमधून दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघूही लागले.

आणखी एक नवल वहिनींच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, लक्षात आलं. त्या दिवसातून दोनदा झाडत, पण कुत्र्याचा एक केस सुपलीत येत नव्हता.

"अहो, हिचे केस गळत नाहीत?"

"उत्तम प्रतीची कुत्री आहे," आप्पा म्हणाले. "हिला गळणं वगैरे माहीत नाही."

खरी गोष्ट अशी होती, की मखमलीचे केस चारचौघांसारखेच गळत होते. पण पूडलच्या अंगावरून गळलेला केस जमिनीवर पडत नाही. तो शेजारच्या कुरळ्या केसात अडकतो, दोघं मिळून तिसऱ्याला धरतात, आणि आत मुळाशी सगळ्यांचा मिळून एक संसार उभा राहतो. हे सगळं वहीच्या तिसऱ्या पानावर लिहिलं होतं.

तिसरं पान बाराव्या दिवशी वाचलं गेलं, तेही वाऱ्याने उलटलं म्हणून. 'ब्रश झाल्यावर कंगवा घालावा. कंगवा मुळापर्यंत गेला तरच विंचरलं असं समजावं.' आप्पांनी पिशवीतून कंगवा काढला आणि मोठ्या विश्वासाने मखमलीच्या पुढच्या पायामागे घातला. कंगवा अर्धं बोट आत गेला आणि थांबला. ओढला तर मखमल कळवळली. सोडला तर तो तसाच ताठ उभा राहिला. मानेजवळ तेच, मांडीवर तेच, कानामागे तर दातसुद्धा टेकेनात.

वहिनींनी डोळ्यांना चष्मा लावला आणि दोन्ही हातांनी केस बाजूला केले. वर दोन बोटं रेशीम. खाली कातडीला घट्ट चिकटलेला, राखाडी, जाड असा थर.

"वरून मखमल, आतून घोंगडी," वहिनी हळूच म्हणाल्या.

आप्पांनी हातातला ब्रश टेबलावर ठेवला. बारा दिवस आपण अख्ख्या गल्लीसमोर नुसता वरचा पदर सारखा करत होतो! आणि ही बिचारी बारा दिवस निमूट उभी होती.

अशा वेळी माणसाने दार लावून शांत बसावं. पण दार उघडं होतं आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर खाली उतरत होते. कंपाउंडरांनी चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली बाटल्यांत औषध भरलं होतं, आणि डॉक्टर वारल्यापासून ते स्वतःच सल्ला देत.

"हात्तिच्या!" कंगव्याला टिचकी मारून ते म्हणाले. "गरम पाणी आणि साबण. गरम पाण्याने काय सुटत नाही, सांगा बरं? बाटलीचं लेबल सुटतं, पाकिटावरचं तिकीट सुटतं, हे तर केस आहेत."

"वहीत बघा ना काही लिहिलंय का," वहिनी म्हणाल्या.

"वही कुणी लिहिली? शेजारणीने," कंपाउंडर म्हणाले. "आणि मी चाळीस वर्षं वैद्यकीय क्षेत्रात आहे."

पाचव्या पानावर, दोनदा अधोरेखित करून, लिहिलं होतं: 'गुंता असताना पाणी लावू नये. कदापि लावू नये.' ते नंतर वाचलं गेलं.

न्हाणीघरात मखमलीवर पहिला तांब्या पडला. कुत्री नाहीशी झाली! दोन तांब्यांत पाऊण मखमल वाहून गेली आणि तिच्या जागी काटक्यांसारखे चार पाय, सुरईसारखी मान आणि दोन मोठे डोळे असलेला एक ओला जीव उभा राहिला. आप्पा बघतच राहिले. म्हणजे इतके दिवस आपल्या सोफ्यावर बसत होती ती मूठभर कुत्री आणि बाकीचा सगळा केशसंभार! त्या मुठीत एवढा रुबाब कुठून येत होता, याचंच त्यांना मोठं आश्चर्य वाटलं.

मग आप्पांनी तिला टॉवेलने खसाखसा पुसलं. (सातवं पान: 'टॉवेलने चोळू नये, दाबून टिपावे.') चोळल्यामुळे जे थोडेफार केस अजून सुटे होते तेही घोंगडीत जाऊन बसले. वाळवायला वहिनींचा हेअर ड्रायर लावला. तो पुरेना, म्हणून कंपाउंडर वरून आपला हीटर घेऊन आले. गीझर चालूच होता. तिन्ही मिळून सात मिनिटं चालले. आठव्या मिनिटाला जिन्याच्या खालच्या पेटीत फाट् असा आवाज झाला आणि अख्ख्या इमारतीतले दिवे गेले.

दिव्यांचं कुणाला काही वाटलं नसतं, दिवसाची वेळ होती. पण लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली, आणि लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी म्हणजे नियमाचा माणूस. कुंडीखाली ताटली नसेल तर ते नोटीस देत, आणि ताटलीत पाणी साचलं तर दुसरी. चाळीस मिनिटांनी ते लिफ्टमधून बाहेर आले ते तडक आप्पांच्या दारात. दारात त्यांना दिसलं ते असं: गुडघ्यापर्यंत पॅंट दुमडलेले, अॅप्रन बांधलेले, हातात ब्रश घेतलेले आप्पा, टेबलावर एक ओलं जनावर, हीटर धरून बसलेले कंपाउंडर, आणि दाराशी टोपलीत मांजर घेऊन उभी असलेली, समोरच्या इमारतीतली एक अनोळखी बाई.

"इथेच का ते जनावरांचे केस करतात?" ती बाई सेक्रेटरींना विचारत होती. "समोरच्या बाल्कनीतून रोज बघते. हात फार हलका आहे हो त्यांचा."

आप्पांच्या कामाला मिळालेली तीस वर्षांतली ही पहिली जाहीर शाबासकी. ती नेमकी कुणाच्या कानावर पडावी!

संध्याकाळी नोटीस आली. 'राहत्या जागेत विनापरवाना प्राणी-प्रसाधनाचा व्यवसाय चालवत असल्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे खुलासे फायलीला लावले, त्याच्यावर स्वतः खुलासा लिहायची पाळी आली. आप्पांनी तो चार पानी लिहिला, मुद्द्यांना आकडे घातले, आणि सोबत वहीत ठेवलेली कुत्रीच्या नोंदणीची काळी-पांढरी झेरॉक्स प्रत जोडली, जिच्यावर अक्काच्या घरी काढलेला मखमलीचा फोटो होता.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन पडताळणीला आले. त्यांनी फोटो बघितला. फोटोत एक डौलदार, फुललेली, गोलाकार कुत्री होती. मग त्यांनी मखमलीकडे बघितलं. वाळल्यापासून तिच्या अंगावर जागोजागी गाठी, गोळे आणि पापुद्रे उभे राहिले होते. मळकी गादी उसवून कापूस बाहेर यावा, तशी ती दिसत होती.

"ही ती नव्हे," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो तीच आहे!"

"फोटोशी जुळत नाही. म्हणजे, आप्पा, तुमच्याकडे दोन कुत्र्या आहेत. एक कागदावर दाखवलेली, एक प्रत्यक्ष ठेवलेली."

"दुसरी असती तर लपवली कुठे असती मी?"

"ते खुलाशात लिहायला हवं होतं," सेक्रेटरी म्हणाले. "मुदत सात दिवसांची आहे, सहा राहिले. जुळली तर ठीक. नाही जुळली तर बिगर-नोंदणी प्राणी म्हणून इमारतीबाहेर काढावी लागेल. माझा नाइलाज आहे. नियम माझ्यापेक्षा मोठा."

त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. उजव्या डोळ्याची पट्टी निघायची होती, आवाज जरा थकलेला होता. "कशी आहे रे माझी पोर?"

"मजेत," आप्पा म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मखमल त्यांच्या पायाशी बसली होती आणि मागच्या पायाने मान खाजवायचा प्रयत्न करत होती. पाय वर उचलला की काखेतला गुंता कातडी ओढायचा आणि ती अर्ध्यावर थांबायची. थांबून आप्पांकडे बघायची. तिच्या बघण्यात तक्रार नव्हती, आणि तेच आप्पांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्यांनी मखमलीला कडेवर घेतलं आणि शेवटच्या पानावरच्या पार्लरमध्ये नेलं.

पार्लर म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावरचं एक अरुंद दुकान. पुढे दोन खुर्च्या, आत एक उंच टेबल, भिंतीवर ओळीने टांगलेल्या कात्र्या. ग्रूमरबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, मनगटं मात्र सुताराची. टेबलावर एक भलामोठा पांढरा कुत्रा डोळे मिटून उभा होता. बाई त्याच्या पायावर कात्री चालवत होत्या आणि बोलत होत्या आप्पांशी; कात्रीकडे बघतसुद्धा नव्हत्या.

"तारीख आहे का?"

"तारीख पुढच्या महिन्यात आहे. पण बाई, जरा..."

बाईंनी कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि मखमलीच्या केसांत बोटं घातली. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. बोटं मात्र कानामागून मानेवर, मानेवरून काखेत, काखेतून पोटाखाली सावकाश फिरत गेली.

"दहा-बारा दिवस वरवर ब्रश केलात," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिच्या डाव्या बाजूला उभे राहता. उजवीकडे हात नीट पोचत नाही तुमचा. मानेतला पट्टा घरात काढत नाही. परवा अंघोळ घातलीत. आणि टॉवेलने चोळलंत. गोल गोल."

आप्पांचा आ वासला तो मिटेना. मान्यवर चौकशी समित्या तीन-तीन वर्षं बसतात आणि त्यांना एवढं कळत नाही!

"आता दोनच वाटा," बाई म्हणाल्या. "सगळं मुळापासून मशीनने काढते. वीस मिनिटांचं काम. हिला बरं वाटेल, केस चार-सहा महिन्यांत परत येतील. नाहीतर एकेक गाठ हाताने सोडवायची."

आप्पांच्या डोळ्यांसमोर अक्काची बोटं आली. मग सेक्रेटरींच्या हातातला फोटो. मशीन फिरवलं तर मखमल जगातल्या कुठल्याच फोटोशी जुळणार नव्हती.

"सोडवू या," ते म्हणाले.

"सोडवू या नाही. सोडवा. मला पुढच्या तारखेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. पण ते स्टूल रिकामं आहे. रोज संध्याकाळी दोन तास बसा, मी सांगत जाईन. मात्र एक गोष्ट. ती कळवळली की थांबायचं. तिने अंग चोरलं की त्या दिवसाचं काम संपलं. कबूल?"

"कबूल."

अशा रीतीने चौदा हजार फायलींचे रेकॉर्डकीपर एका ठेंगण्या स्टुलावर, कुत्र्याच्या काखेत तोंड घालून, पहिलीच्या वर्गात बसले.

पहिल्या संध्याकाळी दोन तासांत करंगळीएवढी एक गाठ सुटली. बाईंनी दाखवलं: मुळाशी दोन बोटांच्या चिमटीत केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर नाही. मग टोकाकडून, एकेक केस बाजूला करत आत जायचं. मुळाकडून टोकाकडे जाणारा माणूस गुंता वाढवतो. "घाई केलीत की ती गाठ तुम्हाला ओळखते," बाई म्हणाल्या, आणि आप्पांना ते शब्दशः खरं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांना कचेरीतून यायला उशीर झाला. साहेबांनी एक जुनी फाइल मागवली होती आणि फायलीची गाठ सोडताना आप्पा नकळत टोकाकडून, हळूहळू, दोरीला न दुखवता सोडवत बसले होते. साहेब म्हणाले, "काय हो, बरं वाटत नाहीये का?"

तिसऱ्या संध्याकाळी काख मोकळी झाली. बाईंनी केसांत कंगव्याने सरळ भांग पाडला आणि आप्पांना वाकून बघायला सांगितलं. आप्पा वाकले. भांगाच्या तळाशी कातडी दिसत होती, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी, गुलाबी आणि रुपेरी. त्या कातडीतून हजारो केस निघत होते, प्रत्येक सरळ उगवत होता आणि थोडं वर गेल्यावर आपल्या मर्जीने वळत होता. आणि मखमलीच्या श्वासाबरोबर ते सगळं रान हलत होतं. हे आपल्या सोफ्यावर बसलं होतं आणि आपण त्याला नुसता वरून ब्रश मारत होतो! आप्पा इतका वेळ वाकून राहिले की बाईंना विचारावं लागलं, "साहेब, पाठ धरली का?"

"नाही," आप्पा म्हणाले. "बघतोय."

"मी तीस वर्षं बघतेय," बाई म्हणाल्या. "अजून पुरतं बघून झालं नाही."

कंपाउंडरांनी त्या आठवड्यात तेल, बेसन आणि चिमूटभर खाण्याचा सोडा असे तीन उपाय सुचवले. वहिनींनी तिन्ही वेळा "हो, करतो" म्हणून दार लावलं. वहीचं पान अन् पान त्यांनी स्वतः वाचून काढलं होतं आणि रोज रात्रीच्या जेवणाआधी त्या आप्पांची तोंडी परीक्षा घेत. "कुठे कुठे गुंता आधी होतो?" "कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी." "आणि?" "...आणि?" "बोटांच्या मध्ये! वाढू की पुन्हा वाचणार?"

पाचव्या संध्याकाळी एकच जागा उरली, डाव्या कानामागची. ती गाठ सुपारीसारखी टणक झाली होती. आप्पांनी हात लावला आणि मखमलीने मान आखडून घेतली. अंग चोरलं. आप्पांनी हात काढला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"कापा," बाई म्हणाल्या आणि छोटी कात्री पुढे केली.

"पण अक्काला कळेल."

"कळू दे. कुत्रीला दुखू नये म्हणून कापलं, यात लपवायचं काय आहे?"

आप्पांनी कापलं. गाठ त्यांच्या तळहातावर आली. मखमलीने मान हलवून बघितली, कान खाली-वर करून बघितला, आणि मग, सबंध अडीच आठवड्यांत पहिल्यांदा, आपलं थोबाड आप्पांच्या गुडघ्यावर टेकवलं.

सहाव्या दिवशी बाईंनी दोन ग्राहकांमध्ये अर्धा तास काढला. सगळीकडून कंगवा पार गेल्याची खात्री झाल्यावरच अंघोळ, दाबून टिपणं, आणि मग मोठा ब्लोअर. एका हातात वाऱ्याची नळी, दुसऱ्या हातात ब्रश. वारा जिथे लागे तिथला केस सरळ होऊन उभा राही, ब्रश त्याला उचलून धरी, आणि त्या मूठभर ओल्या जिवातून हळूहळू, पायापासून वर, एक कुत्री उगवू लागली. आधी चार खांब आले. मग छाती. मग पाठीची गोलाई. शेवटी डोकं उमललं आणि त्यातून दोन काळेभोर डोळे आप्पांकडे बघू लागले. आप्पा उभे होते ते हात जोडलेले उभे होते, हे त्यांना बाईंनी सांगितल्यावर कळलं.

सेक्रेटरी ठरल्या वेळी फोटो घेऊन आले. त्यांनी फोटो मखमलीशेजारी धरला. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग खात्री करावी म्हणून एक बोट तिच्या पाठीवर टेकवलं. बोट आत गेलं. मागोमाग हात गेला. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचे सगळे नियम एकेक करून उतरले, आणि ते दहा मिनिटं केसांत हात घालून तिथेच बसले.

"जुळते," अखेर ते म्हणाले. "तरी... महिन्यातून एकदा पडताळणी करावी लागेल. मी स्वतः येत जाईन."

पुढचे दिवस आप्पांनी एक सकाळ चुकवली नाही. बाल्कनीत नाही, आतल्या खोलीत, दार लावून, चाळीस मिनिटं. एकेक ओळ भांग पाडायची, मुळापासून ब्रश, मग कंगवा, मग पुढची ओळ. निम्मा वेळ उजव्या बाजूला. मांजरवाली बाई दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आप्पांनी दारातच तिला काखेतली गाठ सोडवायची कशी ते समजावलं, पण टोपली घरात घेतली नाही.

सहा आठवड्यांनी अक्का आली. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. मखमलीने तिला बघून जो धुमाकूळ घातला त्यात एक कप फुटला. तो शांत झाल्यावर अक्का म्हणाली, "टेबलावर ठेव तिला."

आप्पांनी ठेवलं. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. अक्काने चष्मा काढला. आता नीट बघणार, असं आप्पांना वाटलं. पण अक्काने डोळे मिटले आणि दोन्ही हात केसांत घातले. शेपटीपासून सुरुवात. मांड्या, पोट, काखा, पायांची बोटं, एकेक करून. वहिनी पदराचं टोक धरून उभ्या होत्या. डाव्या कानामागे अक्काची बोटं थांबली.

"इथे कापलंय."

"हो," आप्पा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. ब्रश, बाल्कनी, गरम पाणी, लिफ्ट, स्टूल, काहीही न गाळता. खुलासा म्हटला तर तोंडी होता, आणि त्यात एकाही मुद्द्याला आकडा नव्हता.

अक्काने ऐकून घेतलं. बोटं पुन्हा फिरू लागली. "बाकी सगळीकडे कंगवा पार जातो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माझ्याकडे असताना उजव्या काखेत थोडं राहायचंच. माझा हात पोचायचा नाही. इथे तेही नाही."

छप्पन्न वर्षांत अक्काने आप्पांना दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. आप्पांना काय करावं सुचेना. त्यांनी फुटलेल्या कपाचे तुकडे पुन्हा एकदा गोळा केले, जे वहिनींनी मघाशीच गोळा केले होते.

आणि मग अक्काने डोळे उघडले.

तिने मखमलीला उन्हाकडे वळवलं. "अरे, हिचा रंग कुठे गेला?"

आप्पा लगबगीने पुढे झाले. "अक्का, शपथ घेऊन सांगतो, साबण पार्लरचाच होता..."

"जर्दाळूसारखी होती ही! दोन वर्षांपूर्वी मला नीट दिसत होतं तेव्हा अगदी जर्दाळूसारखी."

"माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती. सायीसारखी," आप्पा म्हणाले. "बाई सांगत होत्या, या जातीत वयाबरोबर रंग उतरतो म्हणून. पुष्कळांचा उतरतो."

अक्काने मखमलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "म्हातारी झालीस तू," ती म्हणाली, "आणि मी रोज तुझ्या अंगावरून हात फिरवत होते. हाताला रंग कळत नाही बघ." तिने एक बट उन्हात धरली, सोडली, पुन्हा धरली. "पण काय सुंदर झालीस गं! हे तर त्याहून सुंदर आहे."

मग तिने मान वर केली आणि आप्पांकडे बघितलं. बघतच राहिली.

"तूही पांढरा झालास की रे," अक्का म्हणाली.

"झालो," आप्पा म्हणाले.

"कधी?"

"हळूहळूच झालो, अक्का."

अक्का भावाकडे बघत होती, भाऊ अक्काकडे बघत होता, आणि वहिनी दोघांकडे बघत होत्या. आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे मखमलीच्या मात्र ध्यानात आलं. ती टेबलावर चारी पायांवर नीट उभी राहिली आणि तिने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. त्या उन्हात तिचे सगळे केस, एकूण एक, सुटे सुटे उडाले, क्षणभर हवेत राहिले, आणि आपापल्या जागी येऊन बसले.